घोड्याच्या वर्षी जन्मलेल्या मुली

चिनी पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी २०२६ रोजी घोड्याचं वर्ष लागलं आणि आपल्याकडच्या पुरवण्यांत, मोबाइलवरच्या गटांत बारा प्राण्यांची जत्रा नेहमीसारखी भरली. उंदराच्या वर्षातली माणसं चतुर आणि काटकसरी, बैलाची कष्टाळू, वाघाची धाडसी, सशाची मवाळ, ड्रॅगनची भाग्यवान, सापाची आतल्या गाठीची. आपलं साल शोधायचं, प्राणी बघायचा, स्वभाव वाचून मान डोलवायची आणि कुणाशी पटेल, कुणाशी वाकडं येईल तेही बघून ठेवायचं. कुणी हरकत घेतलीच तर उत्तर तयार असतं: अहो, गंमत म्हणून वाचतो आम्ही, त्यानं कुणाचं काय बिघडतं?

उत्तर मिळू नये म्हणूनच विचारलेला हा प्रश्न. तरी त्याला उत्तर आहे आणि ते जपानच्या जन्मनोंदणीत लिहून ठेवलेलं आहे.

१९६५ साली जपानमध्ये सुमारे १८ लाख २४ हजार मुलं जन्मली. १९६६ साली १३ लाख ६१ हजार. १९६७ साली पुन्हा १९ लाख ३६ हजार. मधल्या एकाच वर्षात पाळणे चतुर्थांशानं घटले. युद्ध नव्हतं, दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. टोकियोचं ऑलिंपिक होऊन दोन वर्षं झाली होती, बुलेट ट्रेन धावू लागली होती, कारखाने तीन पाळ्यांत चालत होते. पण १९६६ हे ‘हिनोएउमा’ म्हणजे अग्नी आणि घोडा यांच्या युतीचं वर्ष होतं. चिनी कालगणनेत दहा आणि बारा चिन्हांच्या दोन माळा एकमेकींत गुंफून साठ वर्षांचं चक्र होतं. बाराच्या माळेला प्राणी जोडलेले, दहाच्या माळेला लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं. त्यामुळे घोडा दर बारा वर्षांनी येतो, पण अग्नीचा घोडा साठ वर्षांतून एकदाच: १९०६, १९६६ आणि आता २०२६.

जपानी समज असा की या वर्षी जन्मलेली बाई तापट, हेकट निघते आणि नवऱ्याचं आयुष्य खाते. पुरुषाला काही दोष नाही. तोच घोडा, तोच अग्नी, पण मुलगा झाला तर तेजस्वी आणि मुलगी झाली तर अवदसा! पोटात काय आहे हे १९६६ साली आधी कळत नव्हतं, म्हणून जोडप्यांनी अख्खं वर्षच टाळलं. कुणी गर्भनिरोधनानं टाळलं, कुणी गर्भपातानं. १९०६ साली हे उपाय सहज हाताशी नव्हते. तेव्हा आईबापांनी मुलींच्या जन्मतारखा कागदोपत्री मागच्या नाहीतर पुढच्या वर्षात ढकलल्या, आणि त्या वर्षीच्या नोंदींत मुलींचं प्रमाण घसरलेलं दिसतं. त्यातूनही ज्या मुली खऱ्या तारखेनं नोंदल्या गेल्या, त्यांची लग्नं विशीच्या सुमारास अडली. १९६६बद्दलची सर्वांत जड गोष्ट १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्या वर्षी अगदी तान्ह्या मुलींच्या अपघाती आणि हिंसक मृत्यूंचं प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढलेलं आढळलं. मुलग्यांचं वाढलेलं नव्हतं.

या समजाचं मूळ शोधायला गेलं की हाती काय लागतं? एक प्रेमकहाणी. एदो म्हणजे आजच्या टोकियोत एका भाजीवाल्याची ओशिचि नावाची मुलगी होती. आगीत घर गेलं, कुटुंब देवळात आसऱ्याला राहिलं, तिथल्या एका तरुणावर तिचं मन बसलं. घरी परतल्यावर तो पुन्हा भेटावा म्हणून तिनं आग लावली, आणि १६८३ साली तिला त्याबद्दल जाळून मारण्यात आलं. तीनच वर्षांनी इहारा साइकाकुनं तिची कथा लिहिली, मग ती बाहुलीनाट्यात आणि काबुकीत गेली आणि घरोघरी पोचली. ती म्हणे १६६६च्या अग्निअश्व वर्षातली होती. तिच्या जन्मसालावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या एका पोरीच्या वेडापायी पुढच्या तीनशे वर्षांतल्या लाखो मुली संशयित ठरल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

जपानचे लोकच तसले, म्हणून हे प्रकरण झटकता येत नाही. दक्षिण कोरियात १९९० साल पांढऱ्या घोड्याचं मानलं गेलं आणि अशा वर्षाची मुलगी डोईजड होते हा समज तिथेही होता. तोवर गर्भाचं लिंग आधी कळू लागलं होतं. त्या वर्षी कोरियात १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले, त्या देशानं नोंदवलेलं हे सर्वांत विषम प्रमाण. मुलाची हाव हे त्यामागचं मोठं कारण होतं हे खरंच, पण घोड्यानं त्या हावेला निमित्त पुरवलं. ज्या महाराष्ट्राला १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा करावा लागला, त्या महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. चीनमध्ये हाच जाच मेंढीच्या वर्षाला आहे. मेंढीच्या वर्षातल्या दहांपैकी नऊ जणांचं नशीब अपुरं राहतं, अशी तिथे म्हणच आहे, आणि तिचा मार पुन्हा बायकांवर. २०१५ हे मेंढीचं वर्ष. अपत्यांवरची बंधनं नुकतीच सैल झालेली असूनही त्या वर्षी चीनमधले जन्म आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३ लाख २० हजारांनी घटले.

या बाजूनं लिहिणाऱ्यांचा एक लाडका पुरावा मी मुद्दाम वापरत नाही. १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिनी वंशाच्या लोकांवर एक निबंध आला होता. जन्मवर्षाच्या तत्त्वाशी ‘न जुळणारा’ आजार झालेली माणसं, विश्वास जितका गाढ तितकी लवकर मरतात, असं त्यात म्हटलं होतं. पुढे दुसऱ्या अभ्यासकानं आणखी आकडे घेऊन तेच तपासलं तर परिणाम दिसेना. भविष्यवाल्यांकडे पुरावा मागायचा आणि आपल्या सोयीचा कच्चा पुरावा मात्र खपवायचा, हे बरं नव्हे.

तर मग हा अग्निघोडा नेमका कुणाच्या पत्रिकेत बसतो ते पाहू. जपाननं १८७३पासून इंग्रजी कॅलेंडर घेतलं, त्यामुळे तिथे प्राणी १ जानेवारीला बदलतो. चीनमध्ये तो चांद्र नववर्षाला बदलतो, १९६६ साली ते २१ जानेवारीला होतं. आणि चिनी ज्योतिषातले अनेक जाणकार सांगतात की वर्ष वसंतारंभाला, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या सुमारास पालटतं. आता १० जानेवारी १९६६ची मुलगी घ्या. टोकियोत ती नवऱ्याच्या जिवावर उठलेली घोडी, पेइचिंगमध्ये शहाणीसुरती सापीण. ३० जानेवारीची मुलगी नववर्षाच्या हिशेबानं घोडा, वसंतारंभाच्या हिशेबानं साप. एकाच मुलीचा स्वभाव आणि तिच्या भावी नवऱ्याचं आयुष्य कोणत्या देशाचं कॅलेंडर भिंतीवर टांगलंय यावर ठरत असेल, तर ग्रहताऱ्यांना आणि प्राण्यांना मधे कशाला ओढायचं? शेजारच्या व्हिएतनाममध्ये तर सशाची जागा मांजरीनं घेतली आहे. २०२३ साली जन्मलेलं मूल सीमेच्या उत्तरेला ससा, दक्षिणेला मांजर. दोघांचे स्वभाव सारखे असतात असं ससा पाळलेला किंवा मांजर पाळलेला कुणीही माणूस म्हणणार नाही.

इथे अभ्यासू समर्थक पुढे येतात. ते म्हणतात, वर्षाचा प्राणी ही उथळ माणसांची गोष्ट झाली. खरं शास्त्र आठ अक्षरांचं: वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर यांची प्रत्येकी दोन. सोंग काळापासून तर वर्षापेक्षा दिवसालाच महत्त्व दिलं जातं. हे बरोबर आहे. ६० वर्षं, १२ महिने, ६० दिवस आणि १२ प्रहर गुणले तर ५ लाख १८ हजार ४०० जोडण्या होतात. पण मग त्यांनीच सांगावं की आठांतल्या एका अक्षरावरून जगातल्या बाराव्या हिश्शाच्या माणसांना, एकट्या भारतात अकरा-बारा कोटींना, एकच स्वभाव चिकटवणारी पुस्तकं खोटी आहेत. तसं ते सांगत नाहीत. वर्षारंभाला त्याच प्राण्यांवर त्यांचीही दुकानदारी चालते. आणि जपानच्या मुलींना कुणी आठ अक्षरं विचारली नव्हती.

दुसरा युक्तिवाद पुरातनतेचा. हजारो वर्षांच्या निरीक्षणातून हे अर्थ आले, ते काय उगीच? या दाव्याचं उत्तर जमिनीतूनच निघालेलं आहे, म्हणून त्यापाशी जरा थांबतो. १९७५च्या अखेरीस हूपेइ प्रांतात युनमंगजवळ शुईहूदी इथे छिन काळातली थडगी सापडली. ११ क्रमांकाच्या थडग्यात शी नावाचा एक सरकारी कारकून पुरलेला होता. कायद्याची कामं बघणारा हा माणूस इसवीसनपूर्व २१७च्या सुमारास वारला. त्याच्या डोक्याशी, कुशीला, पायाशी बांबूच्या हजाराहून जास्त लिखित पट्ट्या ठेवलेल्या होत्या. बहुतेक कायदे, खटले, हिशेब, आणि त्यांतच शुभाशुभ दिवसांची पोथी. बारा प्राण्यांच्या सर्वांत जुन्या ज्ञात याद्यांपैकी एक याच पोथीत आहे. ती कशासाठी आहे? चोर पकडण्यासाठी! अमुक चिन्हाच्या दिवशी चोरी झाली तर चोर कसा दिसत असेल, ते प्राण्यावरून ताडायचं. उंदराच्या दिवशी चोरी झाली तर चोराचं तोंड टोकदार आणि मिशा विरळ, बैलाच्या दिवशी झाली तर नाक मोठं आणि मान लांब. जन्मसाल नाही, स्वभाव नाही, विवाहयोग तर नाहीच नाही. गंमत पुढेच आहे. आज ज्या चिन्हाला घोडा बसवतात, त्याच्यापुढे या यादीत हरीण आहे, आणि तिथला चोर लांब मानेचा, किडकिडीत पायांचा. घोडा पुढच्या, म्हणजे आज मेंढीच्या मानल्या जाणाऱ्या चिन्हापाशी गेलेला. हजारो वर्षं निरीक्षण करून घोड्याच्या मुलींचा स्वभाव ठरवणाऱ्यांना, तो घोडा होता की हरीण हेच अजून ठरवता आलेलं नव्हतं.

त्याही मागे गेलं तर आनयांगजवळच्या शांग राजवटीतल्या, भविष्य बघायला वापरलेल्या हाडांवर साठाचं चक्र मिळतं, पण दिवस मोजायला, आणि तिथे प्राणी नाहीत. बुद्धानं, किंवा दुसऱ्या पाठात स्वर्गसम्राटानं, प्राण्यांना बोलावलं, उंदीर बैलाच्या पाठीवरून उडी मारून पहिला आला ही कथा गोड आहे. पोरांना अवश्य सांगावी. पण चीनमध्ये बौद्ध धर्म पोचला तो त्या कारकुनाच्या दफनानंतर दोनेक शतकांनी.

प्राण्यांचा साधा, माणसाच्या उपयोगी पडणारा वापर चिनी इतिहासात आहे, आणि मला त्याच्याशी काही वैर नाही. सहाव्या शतकात उत्तरेच्या दोन राज्यांच्या लढाईत युवन हू नावाच्या सरदाराची आई शत्रुराज्यात अडकून पडली. अनेक वर्षांनी तिच्या वतीनं मुलाला पत्र गेलं. त्यात ती खूण पटवते ती अशी: थोरला उंदराच्या सालचा, मधला सशाच्या, तू सापाच्या. आपल्याकडे आज्या प्लेगच्या सालचा, पानशेतच्या वर्षीचा म्हणून वय सांगत, तसंच हे. ती आई मुलाला तू सापासारखा आतल्या गाठीचा आहेस, असं म्हणत नाही.

आता तो तिसरा, जरा खवचट आक्षेप: पाश्चात्त्य विज्ञानाचा चष्मा लावून पूर्वेच्या ज्ञानाकडे बघू नका. ठीक आहे, चष्मा काढून ठेवू आणि चिनी माणसालाच विचारू. वांग छोंग. जन्म इसवीसन २७, आजच्या झेच्यांग प्रांतातला. घरची गरिबी इतकी की राजधानी लोयांगच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानांत उभ्याउभ्या वाचायचा आणि तिथेच पाठ करायचा. त्याच्या ‘लुनहंग’ या ग्रंथात त्यानं त्याच्या काळच्या झाडून साऱ्या समजुती तराजूत घातल्या, त्यात हे प्राणीही सापडले. पाणी अग्नीला जिंकतं, धातू लाकडाला जिंकतो, म्हणून त्या त्या तत्त्वाचा प्राणी दुसऱ्याला जिंकतो, असं पंडित सांगत. वांग छोंगनं पंडितांचंच कोष्टक हाती घेतलं. त्या हिशेबानं पाण्याच्या उंदरानं अग्नीच्या घोड्याला पिटाळायला हवं आणि धातूच्या कोंबड्यानं लाकडाच्या सशाला टोचून खायला हवं. तसं कुणी पाहिलंय का, एवढाच त्याचा सवाल. प्राणी एकमेकांवर मात करतात ती दात, नखं, ताकद आणि हिंमत यांच्या जोरावर, हे त्याचं म्हणणं. ना सूक्ष्मदर्शक, ना संख्याशास्त्र, ना युरोपातून आणलेलं काही. तबेल्यापर्यंत चालत जाऊन बघायची तयारी, बस्. १९ शतकं झाली, त्या प्रश्नाला उत्तर आलेलं नाही.

‘पण माझं वर्णन तंतोतंत जुळतं हो’ याला फार शाई खर्चायची गरज नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना खास त्यांचं म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. सगळ्यांना एकच. त्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

ड्रॅगनची बाब मात्र इतक्यात सुटत नाही, कारण तिथे समर्थकांकडे खरोखरीचे आकडे आहेत. चीनमधली ड्रॅगन वर्षातली मुलं परीक्षेत जास्त गुण मिळवतात, कॉलेजात जास्त पोचतात. हे नाजी मोजान आणि हान यू या अर्थतज्ज्ञांनी २०१७ साली दाखवलं. पण त्यांनी त्याच निबंधात कारणही शोधलं, ते मात्र पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरांतून गळतं. ड्रॅगन मुलांच्या आईबापांच्या अपेक्षा मोठ्या असतात, ते त्यांच्यावर वेळ आणि पैसा जास्त घालतात, खाऊला पैसे जास्त देतात आणि घरकाम कमी सांगतात. एवढा हिशेब जमेस धरला की ड्रॅगनचं तेज मावळतं. म्हणजे मुलगा ड्रॅगन म्हणून पुढे गेला नाही, त्याला भांडी घासायला लागली नाहीत म्हणून गेला. त्याच्या मेंढीच्या वर्षातल्या बहिणीला तेवढंच दिलं असतं तर? कौतुक आणि दूषण ही एकाच समजाची दोन टोकं आहेत. एकाच्या पदरात जास्त पडतं तेव्हा ते दुसऱ्याच्या ताटातून उचललेलं असतं.

शिवाय ड्रॅगनही हल्ली सरकारांचं ऐकेनासा झालाय. तैवानमध्ये २०१० या वाघाच्या वर्षी सुमारे १ लाख ६७ हजार मुलं जन्मली, २०१२च्या ड्रॅगन वर्षी २ लाख २९ हजार. त्या पिढीनं पुढे शाळेच्या प्रवेशासाठी एकमेकांना किती कोपरं मारली असतील ते सोडा. २०२४ साली ड्रॅगन पुन्हा आला, सिंगापूरच्या पंतप्रधानांनी नववर्षाच्या संदेशात जोडप्यांना घरी ‘छोटा ड्रॅगन’ आणण्याचं आवाहन केलं, आणि तिथला जननदर आदल्या वर्षीइतकाच, ०.९७वर राहिला. तैवानमध्ये जन्म उलट किंचित घटले. घरभाडं आणि पाळणाघराचा खर्च पुढे उभा राहिला की भाग्यवान प्राणीही माघार घेतो. अनिष्ट समज मात्र मुलींच्या बाबतीत किती चिवट असतो, ते १९६६नं दाखवलं आहे.

आणि चिनी लोकांना हसायचा अधिकार आपल्याला नाही. छत्तीस गुणांच्या मेलनात चार गुण योनीचे असतात. घोडा, हत्ती, मेंढा, सर्प, श्वान, मांजर, उंदीर, गाय, म्हैस, वाघ, हरीण, वानर, मुंगूस, सिंह अशा चौदा योनी, आणि गायीचं वाघाशी, सापाचं मुंगसाशी वैर. पुण्या-मुंबईत शिकलेल्या, पगारदार मुलामुलींची स्थळं अजून या वैरापायी परत जातात. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याच्या मुळावर येते हे सांगणारे आपल्याच आळीत राहतात. म्हणूनच मला हा चिनी माल ‘गंमत’ वाटत नाही. जिथे मुलीला नाकारायला आधीच इतकी कोष्टकं आहेत, तिथे आणखी एक कोष्टक आयात करायचं काय अडलंय?

जाता जाता एक माहिती. जपानची युवराज्ञी किको यांचा जन्म ११ सप्टेंबर १९६६चा, म्हणजे भर अग्निअश्व वर्षातला. १९९० साली त्यांचं लग्न झालं. पती आज ६० वर्षांचे आहेत.

वर्षारंभाचं पान लावणाऱ्या संपादकांना माझी विनंती एवढीच आहे. शर्यतीची कथा छापा, ड्रॅगनची चित्रं छापा, चिनी नववर्षाच्या पक्वान्नांवर अर्धं पान द्या, मी आवडीनं वाचेन. प्राण्यांवरून मुलींचे स्वभाव आणि विवाहयोग छापणं तेवढं बंद करा. आणि जागा उरतेच आहे असं वाटलं तर तिथे १९६५, १९६६ आणि १९६७ सालच्या जपानमधल्या जन्मांचे आकडे छापा.